ओपनिंग बुकातले आकडे जुळत नाहीत तेव्हा: सात डावांची एक चाचणी आणि पुढचा तपास

शनिवारच्या बुद्धिबळाच्या वर्गात एका मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, ही चाल ऐंशी टक्के दाखवतेय. काळ्याने मी तीच खेळलो आणि पंचविसाव्या चालीला संपलो."

"ऐंशी टक्के कशाचे?"

"जिंकण्याचे."

"असं कुठं लिहिलंय?"

त्याने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. कुठंच लिहिलेलं नव्हतं. चाल, तिच्यापुढे आकडा, आकड्यापुढे टक्क्याची खूण. संपलं.

ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली आणि त्यांचे आकडे साठवणारी फाइल. बुक बिघडलंय म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच प्रश्न विचारतो. सॉफ्टवेअरची बेरीज चुकलेली फार क्वचित सापडते. ती कशाची बेरीज आहे, याबद्दलचा गैरसमज मात्र रोजचा. खरे बिघाडही असतात: तोच डाव दोनदा शिरलेला असतो, निकाल उलटे लागलेले असतात, एकच पोझिशन (पटावरची स्थिती) दोन ठिकाणी फुटलेली असते. पण ते शोधायचा क्रम ठरलेला असावा. आधी रकान्याचा अर्थ, मग फाइलीचा प्रकार, मग आत भरलेले डाव, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअरवर संशय. उलट्या क्रमाने गेलात तर दोन दिवस जातील आणि हाती काही लागणार नाही.

पायरी १: टक्के कुणाच्या बाजूने मोजलेत?

गुणांचे टक्के काढायची पद्धत सगळीकडे एकच आहे: विजय अधिक बरोबरीच्या निम्मे, भागिले एकूण डाव. १०० डावांत ४० विजय, ४० बरोबरी, २० पराभव असतील तर ६० टक्के. यात विजयांचं प्रमाण ४० टक्केच आहे, हे विसरू नका.

आता बाजू. स्किड आणि स्किड व्हर्सेस पीसी या मोफत प्रोग्रॅमांच्या ट्री खिडकीतला (तिथे पुढच्या चालींची आकडेवारी दिसते) गुणांचा रकाना कायम पांढऱ्याच्या बाजूने असतो, चाल काळ्याची असली तरीही. म्हणजे काळ्याच्या एखाद्या चालीपुढे ५८ दिसत असतील तर ती चाल काळ्याला ४२ टक्केच देते. लायचेस या साइटच्या एक्सप्लोररमध्ये पांढरा विजय, बरोबरी, काळा विजय अशी तीन रंगांची पट्टी असते, त्यामुळे तिथे घोळ कमी. इतर काही प्रोग्रॅम ज्याची चाल त्याच्या बाजूने मोजतात. माहितीपुस्तिका चाळत बसण्यापेक्षा एक सोपी युक्ती वापरा. १.एफ३ ई५ २.जी४ अशी पोझिशन लावा आणि २...वजीर एच४ मात (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) या चालीपुढचा आकडा बघा. इथे काळाच जिंकतो, वाद नाही. १०० दिसले तर आकडा चाल करणाऱ्याच्या बाजूचा, ० दिसला तर पांढऱ्याच्या बाजूचा. बुकात ही ओळ नसेल तर एका डावाची फाइल करून भरा. दोन मिनिटांचं काम आहे.

पायरी २: तुमच्या हातात नक्की कोणती फाइल आहे?

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच मिटतात, म्हणून जरा थांबून वाचा.

डॉट बिनने संपणारी फाइल ही बहुधा पॉलीग्लॉट पद्धतीची. फाब्यॉं लेतूझे यांनी केलेली ही पद्धत इतकी साधी आहे की जवळपास प्रत्येक मोफत प्रोग्रॅम ती वाचतो. प्रत्येक नोंद बरोबर १६ बाइटची: ८ बाइट पोझिशनची किल्ली (पोझिशन ओळखणारी संख्या), २ बाइट चाल, २ बाइट वजन, ४ बाइट शिकलेल्या माहितीसाठी. यात विजय किती, बरोबरी किती, डाव किती, यातलं काहीच नाही. आहे ते फक्त वजन. मूळ पॉलीग्लॉटने बुक बनवलं असेल तर हे वजन म्हणजे चाल करणाऱ्याच्या विजयांची दुप्पट अधिक बरोबरी. पराभवांना शून्य. त्यामुळे १०० वेळा खेळलेली आणि २० विजय, ३० बरोबरी, ५० पराभव देणारी चाल ७० वजन घेऊन बसते, आणि २० वेळा खेळून १० विजय, १० बरोबरी देणारी, एकदाही न हरलेली चाल ३० वरच राहते. प्रोग्रॅम या दोघींची टक्केवारी लावतो: ७० आणि ३०. हे टक्के इंजिनाने (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमने) कोणती चाल किती वेळा निवडावी यासाठी आहेत. आमच्या मुलाचे ऐंशी टक्के याच जातीचे निघाले.

दोन गोष्टी अजून. मूळ पॉलीग्लॉटमध्ये किमान डावांची अट मुळातच ३ ठेवलेली आहे, त्यापेक्षा कमी वेळा आलेली चाल बुकात येतच नाही. आणि जिला एकही विजय वा बरोबरी नाही ती चालही गाळली जाते. म्हणून पॉलीग्लॉट बुकावरून "ही चाल कुणी खेळतच नाही" असं म्हणू नका. कुणीतरी खेळून हरलेलाही असेल.

चेसबेसच्या बुकाला सीटीजी, सीटीओ, सीटीबी अशा तीन फाइली लागतात. पेन ड्राइव्हवर फक्त पहिली उचलून आणली तर बुक उघडत नाही किंवा भलतंच काही दाखवतं. तिन्ही एकत्र हलवा. इथे डावांची संख्या, टक्के, सरासरी एलो (खेळाडूंचं रेटिंग) असे खरे रकाने असतात, पण हे आकडे पोझिशनला चिकटलेले असतात. चालीपुढे दिसणारी संख्या ही त्या चालीनंतर येणारी पोझिशन किती डावांत आली याची, मग ती कुठल्याही वाटेने आलेली असो.

अरीनाची एबीके फाइल झाडासारखी रचलेली असते. एका चालीखाली तिचं उत्तर, शेजारी पर्यायी चाल. वेगळ्या क्रमाने आलेली तीच पोझिशन या झाडात वेगळ्या फांदीवर बसते.

आणि स्किडची ट्री म्हणजे बुकच नव्हे. ती समोरच्या डेटाबेसमधून तेव्हाच्या तेव्हा मोजून काढते. आकडे अचानक बदललेले दिसले तर आधी बघा, ट्री कोणत्या डेटाबेसला लॉक केलेली आहे.

पायरी ३: सात डावांची चाचणी

लाखो डावांच्या बुकात चूक शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्यापेक्षा उत्तर आधीच माहीत असलेली छोटी फाइल करा. मी यासाठी फ्रेंच डिफेन्स वापरतो, कारण १.ई४ ई६ २.डी४ आणि १.डी४ ई६ २.ई४ या दोन वाटा हुबेहूब एकाच पोझिशनला येतात.

नोटपॅडमध्ये सात डाव पीजीएन पद्धतीने (डाव मजकुरात लिहायची पद्धत) लिहा. फाइलीत मोहऱ्यांची इंग्रजी अक्षरंच लागतील, इथे वाचायला सोपं म्हणून मराठीत देतो. खेळाडूंची नावं प्रत्येक डावात वेगळी ठेवा, आणि निकाल दोन्ही जागी लिहा: वरच्या टॅगमध्ये (डावाच्या माहितीच्या ओळीत) आणि चालींच्या शेवटी.

पहिला: १.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.घोडा सी३, निकाल १-०
दुसरा: १.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.घोडा डी२, निकाल १-०
तिसरा: १.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.ई५, निकाल ½-½
चौथा: १.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.ई×डी५, निकाल * (म्हणजे अपूर्ण)
पाचवा: १.डी४ ई६ २.ई४ डी५ ३.उंट डी३, निकाल १-०
सहावा: १.डी४ ई६ २.ई४ डी५ ३.उंट ई३, निकाल ०-१
सातवा: १.डी४ ई६ २.ई४ सी५ ३.डी५, निकाल ½-½

यातून नवं बुक बनवा. किमान डावांची अट १ करायला विसरू नका, नाहीतर फाइल जवळपास रिकामी निघेल आणि तुम्ही उगाच घाबराल. मग पटावर १.ई४ ई६ २.डी४ खेळून थांबा आणि २...डी५ पुढची डावांची संख्या वाचा.

६ दिसले: दोन्ही वाटा एकत्र मोजल्या आणि अपूर्ण डावही धरला. ५ दिसले: वाटा एकत्र, अपूर्ण डाव वगळला. ४ दिसले: वाटा वेगळ्या, अपूर्ण डाव धरला. ३ दिसले: वाटा वेगळ्या आणि अपूर्ण डावही बाहेर. मुद्दाम अशी रचना केली आहे की चारही शक्यतांना वेगळा आकडा यावा.

आता टक्के. संख्या ६ असेल आणि पांढऱ्याला ६६.७ दिसत असतील तर अपूर्ण डाव बरोबरी म्हणून मोजलाय. पॉलीग्लॉटचा मूळ कोडही हेच करतो: पांढरा जिंकला की अधिक एक, काळा जिंकला की उणे एक, बाकी काहीही असलं की शून्य, म्हणजेच बरोबरी. संख्या ६ पण टक्के ७० असतील तर अपूर्ण डाव संख्येत घेतला आणि टक्क्यांतून वगळला, जे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. संख्या ५ असेल तर ७०, ४ असेल तर ७५, ३ असेल तर ८३.३. हे सगळे पांढऱ्याच्या बाजूचे. १०० मधून वजा केले की काळ्याचे.

पॉलीग्लॉट बुक असेल तर संख्या दिसणारच नाही, वजन दिसेल: २...डी५ ला ४, २...सी५ ला १. प्रोग्रॅम दाखवेल ८० टक्के आणि २० टक्के. या सात डावांत काळ्याने २...डी५ खेळून अपूर्ण डाव बरोबरी धरला तरी ३३.३ टक्केच गुण मिळवलेत, आणि २...सी५ खेळून ५०. तरीही वजनाचा काटा डी५ कडे. मुलाला हेच दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसरं ठिकाण: १.डी४ ई६ नंतर थांबा आणि २.ई४ पुढचा आकडा बघा. ३ दिसले तर प्रोग्रॅम ही चाल इथून किती वेळा खेळली गेली ते सांगतोय. ७ (किंवा अपूर्ण वगळून ६) दिसले तर तो पुढे येणाऱ्या पोझिशनचे डाव सांगतोय. मोठ्या बुकात या फरकाने लोक चक्रावतात: एका प्रोग्रॅममध्ये १.डी४ ई६ नंतर २.ई४ ला मोजकेच डाव आणि दुसऱ्यात अख्ख्या फ्रेंचचं गाठोडं. दोघंही बरोबर आहेत. प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी.

पायरी ४: वाटा फुटल्या असतील तर का फुटल्या?

समजा आकडा ४ किंवा ३ आला. याची दोन कारणं असू शकतात आणि ती ओळखायला एकच चाल पुढे जावं लागतं. १.ई४ ई६ २.डी४ डी५ खेळा आणि तिसऱ्या चालीची यादी बघा. सहा चाली (अपूर्ण डाव वगळला असेल तर पाच) दिसल्या तर गंमत आहे: मागच्या चालीला फुटलेली पोझिशन इथे पुन्हा जुळली. चारच (किंवा तीनच) दिसल्या तर बुकाची रचना झाडाची आहे, त्यात बिघाड काही नाही. (पॉलीग्लॉटमध्ये सहाऐवजी पाच दिसतील, कारण हरलेली ३.उंट ई३ गाळली जाते.)

पुन्हा जुळते ती कशामुळे? एन पासाँमुळे, म्हणजे नुकतंच दोन घरं सरकलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने ते एकच घर सरकल्यासारखं मारायच्या नियमामुळे. १.ई४ ई६ २.डी४ नंतर नुकतंच दोन घरं सरकलेलं प्यादं डी स्तंभात असतं, १.डी४ ई६ २.ई४ नंतर ते ई स्तंभात. दोन्ही वेळा ते प्यादं मारू शकेल असं काळ्याचं प्यादं शेजारी नसतंच, म्हणून पोझिशन एकच आहे. पॉलीग्लॉटचा नियमही तोच सांगतो: शेजारी मारू शकणारं प्यादं असेल तरच एन पासाँ किल्लीत धरायचं. पण घाईत लिहिलेली साधनं प्यादं दोन घरं सरकलं की डोळे झाकून स्तंभ किल्लीत मिसळतात. मग एका पोझिशनला दोन किल्ल्या. २...डी५ झालं की दोन्ही वाटांनी शेवटचं सरकलेलं प्यादं डी५ चंच असतं, त्यामुळे किल्ल्या पुन्हा एक होतात. हे लक्षण दिसलं की समजा, बुक बनवणारं साधन चुकतंय. साधन बदला आणि बुक नव्याने बनवा. तयार बुकावर मलमपट्टी करता येत नाही.

स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी तीन तपासण्या. किल्ली ७८१ ठरलेल्या यादृच्छिक संख्यांतून बनते: मोहऱ्यांसाठी ७६८, किल्लेकोटासाठी ४, एन पासाँसाठी ८, चाल कुणाची यासाठी १. सुरुवातीच्या पोझिशनची किल्ली षोडशमान पद्धतीत ४६३बी९६१८१६९१एफसी९सी आलीच पाहिजे, न आल्यास पुढे जाऊच नका. दुसरं, सगळे आकडे मोठा बाइट आधी अशा क्रमाने लिहिलेले असतात. तुमच्या स्क्रिप्टला सगळी छोटी वजनं २५६, ५१२, ७६८ अशी दिसत असतील तर तुम्ही बाइट उलटे वाचताय. तिसरं, फाइलीचा आकार १६ ने निःशेष भागला गेला पाहिजे. बाकी उरली तर डाउनलोड अर्धवट तुटलंय.

पायरी ५: आत भरलेले डाव

चाचणी फाइल सरळ आली आणि मोठं बुक तरीही विचित्र वागतंय, तर दोष डावांत आहे. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो.

दुबार डाव हा पहिला संशयित. मी स्वतः एकदा एकच साप्ताहिक फाइल दोनदा भरली होती आणि महिनाभर त्या बुकावर तयारी केली. पकडलं कसं, तर सुरुवातीपासून लांब, कुणी फारसं जात नाही अशा ओळींत गेलो आणि एक डाव असलेली एकही चाल दिसेना. सगळीकडे २, ४, ६. निरोगी बुकात दूरच्या फांद्यांवर एक-एक डावांची गर्दी असते. सगळे आकडे सम दिसले की फाइल दोनदा गेली असं समजा.

अर्धवट दुबार डाव ओळखणं अवघड, कारण नावं वेगळी असतात. आपल्याकडच्या नावांनी तर यात कहर केलाय. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रचना परदेशी डेटाबेसवाल्यांना कळत नाही. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) यादीत विदित आडनावाच्या जागी आणि संतोष गुजराथी पुढे असा बसलाय. दुसरीकडे गुजराथी आधी येतं, तिसरीकडे विदित आणि नुसतं एस. गुकेश आणि प्रज्ञानंद यांचीही तीच गत: आद्याक्षर कुठे मागे, कुठे पुढे, कुठे पूर्ण नाव. नाव आणि तारीख जुळवून दुबार डाव काढणारं साधन अशा जोड्या सोडून देतं. म्हणून चाली जुळवून काढा. पीजीएन-एक्स्ट्रॅक्ट हे मोफत साधन तसं करतं. स्किडच्या देखभाल खिडकीत जुळे डाव काढायची सोय आहे आणि नावांची वर्तनी सुधारायचीही. आधी नावं सुधारा, मग जुळे काढा. आणि स्किडमध्ये डाव "काढला" म्हणजे फक्त खूण लागते, डेटाबेस कॉम्पॅक्ट करेपर्यंत तो फाइलीतच असतो.

मात्र चाली जुळल्या की डाव दुबार, असंही नाही. बर्लिन डिफेन्समधली वजीर ई४ शह, वजीर ई६, वजीर डी४, वजीर डी६ अशी पुनरावृत्ती करून चौदाव्या चालीला संपणारी बरोबरी कितीतरी जोड्यांनी जशीच्या तशी खेळली आहे. ते खरोखरच वेगळे डाव आहेत. फक्त ते ठेवायचे का, हा तुमचा निर्णय. मी तयारीच्या बुकातून वीसपेक्षा कमी चालींच्या बरोबऱ्या वगळतो. दोघांनाही अर्धा गुण हवा होता एवढंच त्यातून कळतं.

निकालांकडे वळू. पीजीएनमध्ये निकाल दोन ठिकाणी असतो हे वर आलंच. दोन्ही जागी वेगळा असला तर काही प्रोग्रॅम टॅग मानतात, काही शेवटचं चिन्ह. इलेक्ट्रॉनिक पटांवरून आलेल्या डावांत अजून एक भानगड असते. डाव संपला की खेळाडू निकाल कळवायला राजे मधल्या घरांवर ठेवतात, पांढऱ्याचा विजय असेल तर पांढऱ्या घरांवर, काळ्याचा असेल तर काळ्या. योगायोगाने राजाची ती उडी नियमात बसली तर शेवटची चाल म्हणून नोंदली जाते. ओपनिंगच्या आकड्यांवर याचा परिणाम फक्त फार छोट्या डावांत होतो, पण शेवटी विनाकारण मध्यावर आलेला राजा दिसला की निकालही एकदा पडताळून बघा.

छोटे डाव वेगळे काढणं एकूणच फायद्याचं. १९ सप्टेंबर २०२२ ला ज्युलियस बेअर जनरेशन कप या ऑनलाइन स्पर्धेत हान्स नीमनविरुद्ध तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने काळ्याने खेळताना १.डी४ घोडा एफ६ २.सी४ एवढं झाल्यावर डाव सोडला. वगळला नाही तर तुमच्या बुकात हा २.सी४ चा जगज्जेत्याविरुद्धचा विजय आहे, आणि सरासरी एलोही मस्त वाढवतो. दहा चालींपेक्षा छोटे विजय मी एका बाजूला काढतो आणि त्यातले मात झालेले तेवढे परत घेतो.

मग राहतात भलत्या सुरुवातीचे डाव. चेस ९६० (मागच्या ओळीतल्या मोहऱ्यांची मांडणी बदलून खेळायचा प्रकार), एकोणिसाव्या शतकातल्या मॉर्फीने हत्ती कमी घेऊन खेळलेले डाव, कोड्यांच्या पोझिशन्स. यांच्यावर सुरुवातीच्या पोझिशनचा टॅग असतो. काही साधनं तो टॅग बघतच नाहीत आणि चाली नेहमीच्या पटावर चालवायला जातात, मग निम्म्यात "नियमबाह्य चाल" म्हणून थांबतात. तोवरच्या चाली बुकात जाऊन बसलेल्या असतात. असा टॅग असलेले डाव आधीच गाळा.

पायरी ६: बुक बनवताना आणि जोडताना

दोन पॉलीग्लॉट बुकं जोडली तर आकड्यांची बेरीज होईल असं बहुतेकांना वाटतं. मूळ पॉलीग्लॉटमध्ये तसं होत नाही. एखादी पोझिशन दोन्ही बुकांत असेल तर पहिल्या बुकाच्या चाली आणि वजनं जशीच्या तशी राहतात, दुसऱ्याची त्या पोझिशनपुरती फेकली जातात. म्हणून क्रम बदलला की निकाल बदलतो. बेरीज हवी असेल तर दोन्हींचे मूळ डाव एका फाइलीत आणून, दुबार काढून, नवं बुक बनवा. दोन बिन फाइली नुसत्या एकापुढे एक चिकटवणारेही भेटलेत मला. नोंदी किल्लीच्या चढत्या क्रमाने नसल्या की शोध भरकटतो आणि असलेल्या चाली नाहीत म्हणून दिसतात.

वजनाला दोनच बाइट असल्याने ६५,५३५ च्या पुढे जाता येत नाही. मोठ्या डेटाबेसमध्ये मोजणी मर्यादेला टेकली की पॉलीग्लॉट त्या पोझिशनचे सगळे आकडे निम्मे करून पुढे मोजतो. त्यामुळे १.ई४ चं वजन डावांच्या संख्येशी जुळवायला जाऊ नका. सगळी वजनं एकसारखी १ दिसली तर कुणीतरी समान वजनाचा पर्याय लावून बुक बनवलंय. फक्त पांढऱ्याच्याच चाली दिसत असतील तर एका बाजूचाच पर्याय. बुक दुसऱ्याकडून घेतलं असेल तर हे विचारून घ्या.

इंजिनाला बुकातून शिकण्याची परवानगी दिली असेल तर ते स्वतःच्या डावांनुसार चालींचं प्राधान्य बदलत राहतं. अभ्यासाच्या बुकाची वेगळी प्रत ठेवा, फाइल फक्त वाचण्यापुरती करा आणि शिकणं बंद करा.

पायरी ७: आकडा बरोबर, तरी फसवा

एवढं करूनही एखादी चाल अविश्वसनीय चांगली दिसली तर आधी डावांची संख्या बघा. बरोबऱ्या धरून बुद्धिबळाच्या निकालांचा फैलाव साधारण ०.४ गुण असतो. त्यामुळे १६ डावांच्या टक्केवारीत सहज १० टक्क्यांचा इकडचा तिकडचा फरक पडतो, दुर्दैव असेल तर २०. १०० डावांत ४, ४०० डावांत २. १६ डावांत ६५ टक्के आणि १६ डावांत ५० टक्के यांत मी फरक मानत नाही.

मग एलो. १०० गुणांनी वरचढ खेळाडूकडून फिडेच्या कोष्टकाप्रमाणे ६४ टक्क्यांची अपेक्षा असते. एखादी चाल ६४ टक्के देत असेल आणि ती खेळणारे समोरच्यांपेक्षा सरासरी १०० ने वर असतील, तर चालीचं कर्तृत्व काय राहिलं? स्किडमध्ये सरासरी एलोशेजारी परफॉर्मन्सचा रकाना आहे, तो याचसाठी. १९७० पूर्वीच्या डावांना फिडेचं एलो नसतंच, तुमचा प्रोग्रॅम रिकामी जागा शून्य धरून सरासरी पाडत नाही ना, हे बघा. आणि १ मार्च २०२४ ला फिडेने २००० खालच्या सगळ्यांची रेटिंग वर सरकवली, २००० पर्यंतच्या अंतराच्या ४० टक्क्यांनी. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० झाला. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांचे डाव भरत असाल तर त्या तारखेच्या दोन्ही बाजूंची सरासरी एकत्र करू नका.

शेवटी डाव कुठून आले. लायचेसचा मास्टर्स डेटाबेस २२०० आणि वरच्या खेळाडूंचे १९५२ पासूनचे समोरासमोरचे डाव घेतो. त्याच साइटचा सर्वसाधारण खेळाडूंचा डेटाबेस म्हणजे बहुतेक ब्लिट्झ आणि बुलेट, काही मिनिटांचे झटपट डाव. तिथे स्टॅफर्ड गँबिट, म्हणजे १.ई४ ई५ २.घोडा एफ३ घोडा एफ६ ३.घोडा×ई५ घोडा सी६, खालच्या रेटिंगांत काळ्याला भरभरून गुण देतो. ते गुण खरे आहेत. पण तीन मिनिटांच्या डावातले. दीड तासाच्या डावात समोरचा शांतपणे प्यादं खिशात घालून बसतो. तिथली रेटिंगही ग्लिको पद्धतीची आहे, फिडेच्या आकड्याशी थेट तुलना होत नाही. फिल्टरमध्ये वेळ आणि रेटिंग गट निवडल्याशिवाय तिथला कुठलाही टक्का मी वर्गात सांगत नाही.

पायरी ८: खरंच सॉफ्टवेअरची चूक निघाली तर

सात डावांच्या फाइलीवर आकडे वरच्या कोणत्याच शक्यतेत बसले नाहीत, तर बनवणाऱ्याला कळवा. नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर येणार नाही, आलं तरी "डेटाबेस पाठवा" असं येईल. चाचणीची फाइल जोडा. बुक बनवताना लावलेले पर्याय लिहा: किती चालींपर्यंत, किमान किती डाव, कोणत्या बाजूचे. प्रोग्रॅमची आवृत्ती लिहा. मग तीन ओळी: पटावर १.ई४ ई६ २.डी४ आहे, २...डी५ पुढे मला ६ अपेक्षित होते, दिसतात अमुक. पुढची एखादी पोझिशन जुळत असेल तर तीही सांगा, कारण एन पासाँचा घोळ तेवढ्यावरून दहा मिनिटांत सापडतो. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली की तीच सात डावांची फाइल पुन्हा चालवा. माझ्याकडे ती डेस्कटॉपवरच पडलेली असते.